उजेडाचं दारं

रविवारी सकाळी आमचे चित्रकलेचे सर सायकलच्या कॅरिअरला परात बांधून निघाले, की वाटेत भेटणारा प्रत्येक नवा माणूस विचारायचा, "आज कुठलं जेवण?" आचारी समजून. सर सायकल न थांबवता गावाचं नाव सांगायचे. एकदा इस्लामपूरच्या अलीकडं एकानं त्यांना थेट लग्नाच्या मांडवात नेऊन वांग्यांच्या ढिगापुढं उभं केलं. सरांनी वांगी बघितली, मांडवाच्या कापडातून झिरपणारा उजेड बघितला, आणि खऱ्या आचाऱ्याचा फोटो काढून परत आले. तो फोटो मी पाहिलाय. आचारी झकास दिसतोय.

मी त्याच हायस्कुलात गणित शिकवायचे. नव्वद सालानंतरची ती सात-आठ वर्षं. सर माझ्यापेक्षा पंधराएक वर्षांनी मोठे, उंच, किंचित पोक आलेले. अंगात बारा महिने पांढरा, पूर्ण बाह्यांचा शर्ट. मला आधी वाटलं, साधी राहणी वगैरे असेल. नंतर कळलं, समोरच्याच्या तोंडावर उजेड पडावा म्हणून तो शर्ट होता. "गडद कापड उजेड पितं, बाई," असं म्हणून त्यांनी माझ्या जांभळ्या साडीकडं बघितलं. त्या साडीनं शेजारी बसलेल्या हिंदीच्या बाईंचा उजेड पिऊन टाकला होता म्हणे. ती साडी मी शाळेत पुन्हा नेसले नाही, आणि याचा मला अजून राग आहे.

स्टाफरूममध्ये बोलता बोलता ते समोरच्याच्या हनुवटीखाली कोरा ड्रॉइंग पेपर धरायचे. एकदा मुख्याध्यापक निकालावरून आम्हा सगळ्यांना झापत होते, तर सरांनी एक पांढरा कागद टेबलावरून हळूच त्यांच्यापुढं सरकवला, दोन बोटांनी जरा कलता केला आणि म्हणाले, "हां, आता डोळे दिसाय लागले. बोला." पुढं काय बोलायचं ते मुख्याध्यापक विसरले. सरांनी हे मुद्दाम केलं असं त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं. सरांना मुद्दाम काही करता येत नव्हतं, हे त्यांना कोण सांगणार?

त्यांचं सगळं भांडण सावलीशी होतं. आपल्याकडचा माणूस डोकं झाकून राहतो. बाईचा पदर, बाप्याचा फेटा नाहीतर टोपी. वरून ऊन. मग उघड्यावर फोटो काढला की डोळ्यांच्या जागी दोन काळी भोकं येतात. सरांना त्या डोळ्यांत पांढरा ठिपका हवा असे, ज्वारीच्या दाण्याएवढा. "ठिपका न्हाई तर माणूस घरात न्हाई. नुसतं घर उघडं," असं ते म्हणायचे.

त्या ठिपक्यासाठी त्यांनी काय काय केलं! आधी फ्लॅश घेतला. पण फ्लॅश उडाला की आमच्याकडची माणसं दचकायची आणि फोटोत कायमची दचकलेली राहायची. सांगलीच्या एका दुकानात लाइटांचा सेट आला होता, स्टँडासकट, छत्रीसकट. सर तो बघायला खास एसटीनं गेले, किंमत ऐकली, दुकानदाराकडं प्यायला पाणी मागितलं आणि पुढच्या एसटीनं परत आले. मग घरच्या काळ्या छत्रीला आतून चंदेरी कागद चिकटवला. ती छत्री पहिल्याच रविवारी वाऱ्यानं उडून उसात गेली. ऊस तुटेपर्यंत सापडली नाही. मग थर्माकोलचा तक्ता. तो सायकलवर नेताना दोनदा मोडला, आणि दुसऱ्यांदा सरही मोडायचे थोडक्यात राहिले. शेवटी परातीवर येऊन ते थांबले. परातीची युक्ती कुठून सुचली, हे मात्र ते कधी सांगत नसत.

परात साधी नव्हे. स्टीलची डोळे दिपवते, पितळेची जड. ही ॲल्युमिनियमची, आमच्याकडं जर्मलची म्हणतात ती, जुनी, पोचे आलेली, राखेनं घासून मऊ झालेली. तिच्यावरून ऊन उडालं की टोचत नाही. वर्गातली पोरं परात धरायला एका पायावर तयार असायची, पण सर कुणालाच बरोबर नेत नसत. एकटे जायचे. वरून डोकावून बघायचा जुना कॅमेरा तिकाटण्यावर लावायचे आणि परात द्यायचे ज्याचा फोटो काढायचा त्याच्याच हातात. ज्याचा त्यानं आपला उजेड धरायचा.

हे माणसांना समजावून सांगायची त्यांची रीत होती. उसाला पाणी देताना पाटाची माती खोऱ्यानं ओढून एका सरीचं तोंड बंद करायचं आणि दुसरीचं उघडायचं, याला आमच्याकडं दारं धरणं म्हणतात. सर कॅमेऱ्यात डोकं घालून ओरडायचे, "दारं धरा, दारं! डाव्या डोळ्याला पानी पोचंना. हां, सोडा. लय झालं, तोडा तोडा!" शहरातला माणूस यावर चक्रावला असता. पण ज्याचा जन्म पाण्याच्या पाळ्या सांभाळण्यात गेला, त्याला काहीच सांगावं लागत नसे. तो परात कलती करायचा, उजेड आधी झाडावर, मग भिंतीवर, मग कोंबडीवर फिरायचा आणि बरोबर त्याच्या तोंडावर येऊन उभा राहायचा. या गडबडीत फोटोसाठी तोंड करून बसायचं तो विसरायचा. सर तेवढ्यात खटका दाबायचे.

छापताना सर छातीच्या वरचा भाग तेवढा ठेवायचे. हात आणि परात खाली कापून टाकायचे. त्यामुळं सरांच्या फोटोतली माणसं काहीतरी जपून बसल्यासारखी वाटत, आणि काय ते मात्र दिसत नसे.

सरांची बायको मी शाळेत यायच्या आधीच वारली होती. मूलबाळ नव्हतं. आमचे शिपाईमामा एकदा पगारपत्रकावर सही घ्यायला त्यांच्या खोलीवर जाऊन आले आणि आल्या आल्या म्हणाले, "आख्ख्या तालुक्याचे फोटू काढलेत गड्यानं, आन भितीवर बायकूचा एक न्हाई." मी शहाणी, सरांना विचारलं. ते म्हणाले, "काढायचा राह्यला." आणि ब्रश धुवायला गेले. धुतलेलेच ब्रश होते ते. त्यानंतर मी त्या विषयाला हात लावला नाही.

पण फोटो राहून जाणं म्हणजे काय, हे माझ्याही घरात चालू होतं. माझी आई विट्याजवळच्या आमच्या गावात एकटी राहायची. दादा गलाईच्या धंद्यात, सोनं गाळायचं दुकान तिकडं कोइमतूरला. तो वर्षाकाठी यात्रेला यायचा. आईचा एकही धड फोटो आमच्याकडं नव्हता. लग्नातल्या घोळक्यांत ती असायची, पण कुठं पदर पुढं ओढलेला, कुठं मान नेमकी वळलेली. एकटीनं बसायला ती मुळीच तयार नव्हती. आमच्या सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीत, एकट्याचा असा एकच फोटो होता, वडिलांचा, आण्णांचा. ते फौजेत होते, तिकडंच आजारी पडून गेले, आणि त्यांच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून आम्ही हार घातला. गावातही तशीच चाल होती. घोळक्यातला फोटो जित्या माणसाचा, एकट्याचा फोटो हाराचा.

"मला घालवायची घाई झालीया व्हय तुला?" आई म्हणायची.

तिची साठी उलटली होती, दम्यानं प्रत्येक हिवाळा जड जात होता, आणि मला तिचा चेहरा हवा होता. डोळ्यांत ठिपका असलेला. हा हट्ट होता आणि मला तो कबूल आहे.

मी सरांना आमच्या गावाला नेलं ते खरं आईसाठी. ती परसातून बाहेरच आली नाही. सरांना वाईट वगैरे वाटलं नाही. त्यांनी शेजारच्या तात्यांचा फोटो काढला. तात्या म्हणजे लाल फेटा, पांढऱ्या मिशा, आवाज असा की विहिरीच्या तळाशी माणूस असला तरी वर यावा. पुढच्या महिन्यात सरांनी तात्यांचा मोठा फोटो चौकटीत बसवून त्यांच्या घरी पोचता केला, आणि तिथं घोळ झाला.

त्या दिवशी तात्या कारखान्याच्या कामाला इस्लामपूरला गेले होते. भिंतीत खिळा नव्हता, म्हणून त्यांच्या सुनेनं फोटो सोप्यातल्या खुर्चीवर टेकवून ठेवला आणि ती मागं गोठ्यात गेली. खुर्चीशेजारीच देवघर. तिथं सकाळची उदबत्ती जळत होती. शेजारीण विरजण मागायला आली. दारातून तिला काय दिसलं? खुर्चीवर एकट्या तात्यांचा फोटो आणि पुढं उदबत्तीचा धूर. आमच्याकडं अशा वेळी कुणी काही विचारत नाही. तिनं पदर तोंडाला लावला आणि आल्या पावली परत फिरली.

अर्ध्या तासात अंगण भरलं. दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही म्हणून तीन घरांतून पिठलं-भाकरी आली. बायका रडायला लागल्या. सून गोठ्यातून बाहेर येऊन बघते तो हा प्रकार. तिला वाटलं, मामंजींना वाटेत काहीतरी झालं आणि गावाला आपल्याआधी कळलं. तिनं हंबरडा फोडला. सून रडतेय म्हटल्यावर ज्यांना थोडी शंका होती तीही गेली. चारच्या एसटीनं तात्या उतरले. घरापुढं माणसं बघून त्यांनी डोक्याचा फेटा काढला, कडेला बसले आणि विचारलं, "कोन गेलं रं?" मग त्यांची नजर आत खुर्चीवर गेली.

"मीच गेलो व्हय?" तात्या म्हणाले. जरा वेळानं म्हणाले, "आनलीया भाकरी तर वाढा. भूक लागलीया."

हसण्यावारी गेलं ते गावाचं. तात्यांचं नाही. सोमवारी ते चौकट काखेत घेऊन थेट आमच्या स्टाफरूममध्ये आले आणि फोटो टेबलावर ठेवला. "सर, ह्यात मी मेल्याला दिसतुया. का, त्येवढं सांगा."

सरांनी फोटो खिडकीपाशी नेला. मला वाटलं, आता उजेडावर भाषण होणार. त्यांनी चौकटीच्या खालच्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "ठिपका हाय. समदं हाय. तात्या, मी तुमचं हात कापलं." आणि त्यांनी हात जोडले.

आठवड्यानं नवा फोटो गेला. त्यात तात्या कमरेपर्यंत होते, दोन्ही हातांनी परात धरलेले, परातीत ऊन भरलेलं, आणि वर ओरडायच्या बेतातलं तोंड. तो खिळा ठोकून भिंतीवर लागला. त्याच्यापुढं कितीही उदबत्त्या लावल्या असत्या तरी कुणी रडलं नसतं. तेव्हापासून सरांनी परात कापणं बंद केलं.

पुढच्या सुट्टीत मी गावी गेले तर आईनंच विचारलं, "त्या मास्तरांच्या फोटूत आता परात दिसती न्हवं?"

"दिसते."

"मग येऊ दे त्यास्नी."

तिची एक अट होती. दुसऱ्याच्या घरची परात ती धरणार नव्हती. तिनं स्वतःची जर्मलची परात सकाळीच राखेनं घासून उन्हात उपडी घातली होती. सरांनी ती उचलून बघितली, बोटांनी वाजवली आणि स्वतःची परात सायकलवरच राहू दिली. इतका मान त्यांनी शाळेत आलेल्या साहेबांनाही दिला नव्हता.

लिंबाच्या कडेला लाकडी पाटावर आई बसली. पाठीशी ऊन, डोक्यावर पदर. "मास्तर, मला काय त्वांड करून बसाय जमायचं न्हाई."

"त्वांड कशाला करताय, आक्का? दारं धरा. पानी हितं भरल्यालं हाय, तिकडं न्यायचं हाय."

आण्णा फौजेत असताना रानातलं पाणी आईनंच बघितलं होतं. तिनं परात मांडीवर उभी केली. उजेड लिंबावर गेला, कौलांवर गेला, माझ्या अंगावरून गेला. मी बाजूला सरकले. मग तो तिच्या गळ्याशी आला, हनुवटीवर चढला आणि पदराखाली शिरला. तिनं डोळे मिटले, हळूच उघडले आणि विचारलं, "पोचलं का, मास्तर?"

"पोचलं," सर म्हणाले, आणि खटका वाजला.

फोटोत तिचे ओठ थोडे उघडे आहेत, त्या प्रश्नावर. डोळ्यांत ठिपके आहेत, दोन्ही. मी तो बघून रडले, आणि आई म्हणाली, "आता का रडती? परात हाय की."

नंतर सर निवृत्त झाले आणि सांगलीला विश्रामबागेत एक खोली घेऊन राहायला गेले. एक तासात रंगीत फोटो मिळायचे दिवस आले होते; परातीचं काम हळूहळू थांबलं. दोन हिवाळे आईनं काढले. तिसरा निघाला नाही.

दादा कोइमतूरहून आला. तेराव्याला हार घालायला फोटो हवा होता आणि होता तो एकच. दादा म्हणाला, "परात काढून टाक त्यातली. भांडी घासाय बसल्यागत दिसती. लोक काय म्हनतील?" मी भांडले असते, पण अंगात त्राण नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही तेव्हा त्याचं पटलं. मी सांगलीची एसटी धरली.

सरांची खोली लहान, नीटनेटकी. न्हाणीघराच्या खिडकीला काळा कागद लावून तिथंच फोटो धुवायची सोय. खोलीच्या भिंतीवर एक मोठा फोटो होता. एक पागोटंवाला शेतकरी, गालावर मस, ओळखीचा नाही. भिंतीवर बायकोचाही फोटो नाही, असं शिपाईमामा म्हणाले होते, मग हे कोण, म्हणून मी विचारलं, "वडील का, सर?"

"न्हाई. ही माझी बायको."

मी घाबरले. एकटं राहून सरांच्या डोक्यावर परिणाम झाला असं वाटलं. सर उठले आणि फोटोच्या डाव्या कडेवर बोट ठेवलं. तिथं परातीची अर्धी कड होती आणि ती धरलेला एक हात. मनगटाच्या जरा वरपर्यंत. चार काचेच्या बांगड्या, त्यातली एक टिचलेली.

"आधी तीच धरायची," ते म्हणाले. "परात तिचीच. छत्री उडाली, तक्ता मोडला, तवा म्हनाली, ही घ्या, ही उडायची न्हाई. पंधरा वर्सं धरली. मी आपला तिच्यावर ओरडायचो, हात आत येतुया, माघारी घे. घ्यायची. तरी थोडा यायचाच. मग छापताना मी कापायचो."

त्यांनी कपाटातून एक डबा काढला. त्यात निगेटिव्ह होत्या. एकेक काढून त्यांनी खिडकीला धरली. नवरदेव, म्हाताऱ्या, पैलवान, सगळी अनोळखी माणसं, आणि प्रत्येकाच्या कडेला तोच हात. कुठं नुसती बोटं, कुठं कोपरापर्यंत. चेहरा एकातही नव्हता.

"रोज हाताशी होती, म्हनून तिचा काढायचा राह्यला. त्या तात्यांच्या भानगडीनंतर जुन्या निगेटिव्ह काढल्या, बिनकापलेल्या छापाव्या म्हनून. तवा दिसली." त्यांनी डबा बंद केला. "चला. आक्कांचा कुठं कापायचा, सांगा."

न्हाणीघरात लाल दिव्याखाली त्यांनी आईचा फोटो कागदावर पाडला. काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं, उलटी आई. चौकट सरकवत सरकवत ते परातीच्या कडेपर्यंत आले. आधी परात गेली, मग बोटं, मग मनगटं. खांद्यापर्यंत आल्यावर ते थांबले. आता आई कशासाठीच बसलेली नव्हती. तोंड थोडं उघडं, पण विचारायला काही उरलं नव्हतं.

"कापू नका, सर," मी म्हणाले.

त्यांनी चौकट परत सरकवली. फोटो धुवून सुकेपर्यंत आम्ही बाहेर बसलो आणि त्यांनी चहा केला. चहा फार गोड होता. माझ्या कपाखालची बशी उचलून त्यांनी खिडकीकडून जरा कलती धरली आणि माझ्या तोंडाकडं बघितलं. "पोचंना," म्हणाले आणि बशी खाली ठेवली.

तेराव्याला सर फोटो चौकटीत बसवून स्वतः घेऊन आले. दादा परात बघून माझ्यावर भडकला, पण पाहुणे जमले होते. त्यानं मुकाट्यानं फोटो आण्णांच्या शेजारी टांगला आणि झेंडूचा भलामोठा हार घातला. हाराचं टोक बरोबर आईच्या हातांवर आलं. जेवणं उरकली. तात्या काठी टेकत सोप्यात आले, आता त्यांना फार चालवत नव्हतं. ते फोटोपुढं उभे राहिले. मागं भिंतीला टेकून सर बसले होते, त्यांना त्यांनी बघितलं की नाही मला माहीत नाही.

"हार कुनी घातला रं?" तात्या म्हणाले. आवाज तोच, विहिरीतला. "काढ त्यो. वैनीचं हात गुतल्यात, दिसत न्हाई व्हय? कामात हाय ती."

दादानं स्टूल ओढलं, हार काढला आणि आण्णांच्या फोटोला घातला.